त्रेसष्टावा सेक्टर

वाल्गात माझं दुकान, स्टेशनमागच्या गल्लीत.
दोन वळणं घेतली की लाटविया.
पूर्वी मध्ये फाटक होतं, शिपाई होता, शिक्का होता.
आता नुसता ओढा, आणि हद्द विचारली
तर पोरं बोट दाखवतात कुठेही.

नोव्हेंबरात पलीकडून स्काइद्रीते आली.
पिशवीत बटाटे, बटाट्यांखाली
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क.
"इल्मार्सची आहे. त्याच्या मधमाश्या आहेत हिच्यात."
म्हणजे एकोणीस वर्षांच्या नोंदी:
कुठली पेटी कधी उठली,
कुठल्या राणीने किती हिवाळे काढले,
लिंडन कधी फुललं, मध किती, डंख किती.

नातीने दिलेला नवा लॅपटॉप
डिस्क बघतो आणि अदबीने म्हणतो:
ही रिकामी आहे. फॉरमॅट करू?
"मी हो म्हटलं नाही," स्काइद्रीते म्हणाली.
"न कळलेल्या कागदावर सही करायची नाही,
हे आम्ही फार लवकर शिकलो."

इल्मार्सने आखणी केली तो प्रोग्राम
माझ्याकडेही होता, खोक्यासकट.
ती कंपनी आता नाही.
माझ्या नव्या यंत्राने त्याला दारातच अडवलं:
या आवृत्तीवर चालणार नाही.
मग मी यंत्राला म्हटलं, घे जुन्याचं सोंग.
त्याने घेतलं. खिडकी उघडली, करड्या रंगाची,
आणि म्हाताऱ्याने आल्या आल्या
माझ्याच डिस्कवर बोट ठेवलं:
या हद्दी चुकीच्या आहेत. दुरुस्त करू?

हद्द झाली.
नव्याला जुनं रिकामं दिसतं,
जुन्याला नवं बिघडलेलं,
आणि दोघेही मदतीला उभे,
बाह्या सरसावून.
मी दोघांनाही नको म्हटलं.

तळघरात एक पिवळट खोकं आहे.
इंटरनेट त्याला ठाऊक नाही.
तारीख विचारली तर दर वेळी एक जानेवारी सांगतं.
पंखा खोकला, थांबला, परत खोकला.
स्काइद्रीते जिन्यावर बसली, कोट न काढता.

पहिली हद्द त्रेसष्टाव्या सेक्टरवर.
त्रेसष्टच का, ते विचारू नका.
ज्या चकत्यांसाठी तो हिशोब होता
त्या केव्हाच भंगारात गेल्या,
हिशोब तेवढा मागे राहिला.

पडद्यावर दोन पट्ट्या आल्या.
निळीत माश्या, सगळ्या, तारीखवार.
दुसरी हिरवी, चाळीस जीबी,
तिच्यावर लाटवियन नाव: हात लावू नये.

मी स्काइद्रीतेकडे पाहिलं. तिने मान हलवली.
उघडली.
आत काही नव्हतं.
चिठ्ठी नाही, फोटो नाही, एक फाईल नाही.
म्हणजे नवा लॅपटॉप अगदीच खोटं बोलत नव्हता.

मला वाटलं, आता रडेल. ती हसली.
"पेटीतही असंच करायचा.
कडेच्या दोन चौकटी रिकाम्या.
मी म्हणायचे, वाया जातात, भर की!
तर म्हणायचा, जागा संपली
की माश्या उठून जातात, बाई."

रात्रभर नोंदी नव्या डिस्कवर उतरत राहिल्या.
नव्या पद्धतीची आखणी,
पहिली हद्द दोन हजार अठ्ठेचाळिसाव्या सेक्टरवर,
त्यालाही काही कारण असेलच.
शेवटी तिने सांगितलं तसं
चाळीस जीबी सोडले, आणि नाव तेच दिलं.

सकाळी लॅपटॉपने विचारलं:
इथे मोकळी जागा आहे. वापरात घेऊ?
मी काही बोलायच्या आत
स्काइद्रीतेने चष्मा चढवला,
एका बोटाने बाण हळूहळू सरकवत नेला
आणि 'नाही' दाबलं. मग पुन्हा एकदा, खात्रीसाठी.

पैसे मी निम्मे घेतले, बटाटे सगळे.
जुनी डिस्क तिने परत मोज्यात घातली.
दुसरा मोजा कुठेय, मी विचारलं.
"त्याच्या पायात," ती म्हणाली,
आणि ओढ्याच्या दिशेने निघाली.